सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक

पुस्तक ऋणाली कुमरेनं दिलं.
पासवाली पोरगी, कोलारीहून चिमूरला अकरावीत.
"वाचा ना जी काका, तुम्हाले रात्री काय काम राह्यते?"
काम राह्यते. पैशांचा मेळ, तिकीट मशीन चार्जिंगला,
नेवारे ड्रायव्हरचं घोरणं,
ग्रामपंचायतीच्या खोलीतले डास.
तरी घेतलं.
मुक्कामी गाडीच्या माणसाला
नाही म्हणायला निमित्त सापडत नाही.

उघडलं तर कादंबरी कुठं!
वर आसन क्रमांक, खाली सूचना,
मग प्रश्न एक (अ), प्रश्न एक (ब).
एकशे बासष्ट पानांची प्रश्नपत्रिका
आणि उत्तर एकाचंही नाही.
पोरीचं नावसुद्धा नाही. सूचना क्रमांक तीन :
उत्तरपत्रिकेवर नाव कुठेही लिहू नये.
मी गणिताला दोनदा बसलेला माणूस,
झोपेत अजून पर्यवेक्षक दिसतो मला.
पुस्तक पिशवीत गेलं, डब्याच्या खाली.

दुसऱ्या मुक्कामाला कव्हरवर
लाखोळीच्या वरणाचा डाग.
पुसायला काढलं, म्हणून चार पानं वाचली.
जोड्या लावा :
एका बाजूला निळी सायकल, कुलूप, मंगळवार;
दुसऱ्या बाजूला आई, आई, आई.
ही काय जोडी झाली?
छापणाऱ्याची चूक असेल.
नेवारेला वाचून दाखवलं.
"बरोबर तं आहे," म्हणाला, आणि कूस बदलली.

मग एका रात्री गावात कोणीच बाहेर नव्हतं.
सकाळी बोडीच्या पाळीवर पंजे दिसले होते.
आम्हीही दार लावून बसलो.
योग्य पर्याय निवडा :
आई (१) मामाकडे गेली (२) कामाला गेली
(३) गेली.

इथं मी थांबलो.
अशी माणसं पाहिली आहेत मी.
शेवटच्या थांब्याचं तिकीट मागतात
आणि थांब्याचं नाव विचारलं की गोंधळतात.
सुट्टे परत घ्यायचेही विसरतात.

पेन्सिल कधी हातात आली, सांगता येणार नाही.
कारणे द्या : बाप जेवताना रेडिओ मोठा करतो.
मी लिहिलं, एक ताट कमी वाजतं म्हणून.
प्रश्न चार गुणांचा.
एका वाक्यात चार देतील का,
याचा विचार करत विझलेल्या बल्बकडे बघत राहिलो.
समानार्थी शब्द लिहा : घर.
लिहिलं, मुक्काम.
खोडलं.
मग तेच पुन्हा लिहिलं, बारीक अक्षरात.

सगळंच पटलं असं नाही.
मधले भूगोलाचे नकाशे उगाच आहेत,
आणि पान एकशे अकरा अख्खं कोरं,
वर फक्त 'कच्च्या कामासाठी'.
याचेही पैसे घेतले असतील.
पण त्या कोऱ्या पानावर बोट फिरलं
तर कागद खरबरीत लागला.
माझ्या आधी कोणीतरी लिहिलं होतं तिथं,
दाबून दाबून, आणि दाबूनच खोडलं होतं.
टॉर्च तिरपा धरला असता तर अक्षरं दिसली असती.
धरला नाही.
पान उलटलं.

सकाळी सव्वासहाला ऋणाली चढली,
मफलरात नाक, पास आधीच हातात.
"झालं का जी?"
झालं होतं. पहाटे तीनला.
"चार पानं राह्यली," म्हणालो.
ती हसली नाही, खिडकीपाशी जाऊन बसली.

डेपोसमोरच्या दुकानात खोडरबर मिळतं, पाच रुपयांना.
आज घेतो की नाही, बघू.
दोनदा घंटी ओढली.